भिंतीवरचं वितळलेलं घड्याळ

मैत्रिणींनो, 'पंचतारांकित' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? गुळगुळीत फरशी, झुंबर, दारात सलाम ठोकणारा दरवान! पुण्या-मुंबईकडच्या पाहुण्यांना "आमचा मुलगा कागलच्या फाइव्ह स्टारमध्ये लागला" असं सांगितलं की ते हमखास विचारतात, "कुठल्या हॉटेलात?" मग आपणच हसून सांगायचं, की अहो, हॉटेल नव्हे, एमआयडीसी. कागल आणि हातकणंगले या दोन तालुक्यांत पसरलेली मोठी औद्योगिक वसाहत. रस्ते, पाणी, वीज अशा सगळ्या सोयी एका ठिकाणी, म्हणून सरकारदरबारी तिला पंचतारांकित म्हणायचं. इथे झुंबर नाही, शेड आहेत. दरवान नाही, गेटवरचा वॉचमन आहे. इंजिनं बनतात, ओतकाम होतं, सूत आणि कापड निघतं, परदेशातल्या पलंगांवर अंथरायच्या चादरी इथून जहाजाने जातात. बाजूला तळंदगे, हलसवडे, कसबा सांगाव अशी उसाची गावं. थोडं पुढे गेलं की घरोघरी चांदीचं काम चालणारी हुपरी.

या वसाहतीमुळे आजूबाजूच्या गावांतली घरं बदलली. कौलारू घराच्या जागी स्लॅब आला, सोप्याचा हॉल झाला, परड्यात दुचाकी लागली. आणि हॉलला एक नवी गोष्ट मिळाली. भलीमोठी, गुळगुळीत, रिकामी भिंत. जुन्या घरात भिंत रिकामी नसायचीच. कोनाडा, खुंटी, फळी, देवांच्या तसबिरी, गेलेल्या माणसांचे हार घातलेले फोटो. आता स्लॅबच्या घरात सोफ्याच्या मागची सात-आठ फूट भिंत मोकळी दिसते आणि मग तिथे 'काहीतरी लावायला पाहिजे' असं सगळ्यांना वाटायला लागतं. आज लिहायचं आहे ते या 'काहीतरी'बद्दल.

झालं असं, की बचत गटाच्या बैठकीसाठी आम्ही वसाहतीजवळच्या एका नव्या घरी जमलो होतो. वास्तुशांत होऊन महिनाच झाला होता. हिशोब झाला, चहा झाला, तरी घरातली सून गप्प गप्प. शेवटी तिच्या सासूबाईच म्हणाल्या, "ताई, तुम्ही शिकलेल्या हायसा. तुम्हीच सांगा हिला. घरात कुणी मेलेलं घड्याळ लावतंय काय?"

बघते तर सोफ्यामागे तीन फ्रेमा ओळीने लावलेल्या. त्यातली मधली चक्क उलटी, तोंड भिंतीकडे करून! पोरीला शिक्षा म्हणून कोपऱ्यात उभं करावं तशी. वास्तुशांतीला मुलाच्या कंपनीतल्या मित्रांनी वर्गणी काढून हा तीन चित्रांचा संच दिला होता. फर्निचर करणाऱ्याने सोफ्याच्या रंगाला जुळतो म्हणून तो तिथे ठोकला. सासूबाईंनी दोन दिवस सहन केलं आणि तिसऱ्या दिवशी मधलं चित्र फिरवून ठेवलं. मुलगा म्हणतो, भेट आहे, काढायची नाही. सासूबाई म्हणतात, बंद पडलेलं घड्याळ घरात अपशकुनी असतं, हे तर वितळून पडलंय. सून दोघांच्या मध्ये.

मी चित्र सरळ केलं आणि ओळखलं. कॉलेजात आर्ट्सला असताना लायब्ररीतल्या एका जाडजूड पुस्तकात पाहिलेलं चित्र होतं ते. साल्वादोर दाली या स्पॅनिश चित्रकाराने 1931 साली काढलेलं. ओसाड समुद्रकिनारा, मागे उन्हात पिवळे पडलेले कडे, आणि पुढे मऊ झालेली घड्याळं. एक वाळक्या झाडाच्या फांदीवर ओल्या फडक्यासारखं वाळत घातलेलं, एक कट्ट्यावरून खाली ओघळणारं, एक जमिनीवर पडलेल्या कसल्याशा मिटल्या डोळ्यांच्या चेहऱ्यावर पसरलेलं. चौथं मात्र मिटलेलं, घट्ट, आणि त्यावर मुंग्या लागलेल्या. मूळ चित्र न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे. गंमत म्हणजे ते इतकं जगप्रसिद्ध चित्र आकाराने अगदी लहान आहे, साधारण 24 बाय 33 सेंटिमीटर. वर्तमानपत्राचं मोठं पान मधोमध दुमडलं की होतं तेवढंच. आपल्या हॉलमध्ये येताना त्याचं चार फुटांचं धूड होतं.

या प्रकाराला मराठीत अतिवास्तववाद म्हणतात. शब्द जड आहे, गोष्ट सोपी आहे. पहिलं महायुद्ध होऊन गेलेलं होतं. आंद्रे ब्रेताँ नावाच्या फ्रेंच कवीने त्या युद्धात इस्पितळात काम करताना मनाने खचलेले सैनिक जवळून पाहिले होते. शहाण्यासुरत्या, हिशोबी माणसांनी जग या थराला आणलं, मग हा शहाणपणा काय कामाचा, असं त्याच्या पिढीला वाटू लागलं. फ्रॉइडने तोवर स्वप्नांचा अर्थ लावायला सुरुवात केलीच होती. 1924 साली पॅरिसमध्ये ब्रेताँने जाहीरनामा काढला, की स्वप्नात जे दिसतं तेही आपलंच आहे, तेही कागदावर आणि कॅनव्हासवर आलं पाहिजे. त्यात पुढे दाली आला, बेल्जियमचा माग्रित आला. हॅट घातलेली माणसं पावसासारखी आभाळात लटकलेली दाखवणारं एक चित्र या माग्रितने 1953 साली काढलं आणि त्याला नाव काय दिलं असेल? 'गोवळकोंडा'! आपल्या हैदराबादजवळचं, हिऱ्यांसाठी गाजलेलं.

मी हे सगळं सासूबाईंना जमेल तसं सांगितलं. त्यांनी पदराने चष्मा पुसला, चित्राजवळ गेल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्ये तर काहिलीतनं वाफ्यात गूळ वतल्यावर कडेनं लोंबतोय तसं दिसतंय की! आणि ह्या मुंग्या बघा. गुळाला मुंग्या लागायच्याच. आम्ही आयुष्यभर गुऱ्हाळात काढलाव, मी सांगतो."

मैत्रिणींनो, मी थक्क झाले. कारण दालीने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय ते जवळजवळ हेच. एका संध्याकाळी त्याचं डोकं दुखत होतं, बायको मैत्रांबरोबर सिनेमाला गेली होती, आणि जेवणानंतर टेबलावर उरलेल्या मऊ, ओघळणाऱ्या चीजकडे बघता बघता त्याला ही घड्याळं सुचली. मोठमोठ्या पंडितांनी या चित्राचा संबंध आइनस्टाइनच्या सिद्धांताशी लावला. दाली मात्र चीजचंच नाव घेत राहिला. त्याला चीजमध्ये जे दिसलं ते कागलच्या म्हातारीला गुळात दिसलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला चित्र कळत नाही, असं यापुढे कुणी म्हणू नये.

आणि खरं तर आपल्याला या स्वप्नांच्या चित्रांचं वावडं असायचं कारणच नाही. हत्तीचं डोकं असलेला देव आपण दरवर्षी लाडाने घरी आणतो. निम्मा पुरुष निम्मी बाई असलेल्या अर्धनारीनटेश्वराला हात जोडतो. सिंहाच्या तोंडाचा नृसिंह खांबातून बाहेर येतो आणि आपण एकदाही 'असं कसं?' विचारत नाही. मुक्ताबाईच्या अभंगातल्या मुंगीने तर आकाशात जाऊन सूर्यच गिळला! सासूबाईंना मी त्या मुंगीची आठवण करून दिली, तेव्हा त्यांनी चित्रातल्या मुंग्यांकडे पुन्हा एकदा पाहिलं, या वेळी जरा मायेने.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. इतका वेळ गप्प असलेल्या सुनेला मी विचारलं, "आणि तुला गं काय वाटतं?" ती चपापली. म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाही." मग हळूहळू बोलायला लागली. नवऱ्याची ड्यूटी पाळ्यांची. एक आठवडा पहिली पाळी, एक दुसरी, एक रात्रपाळी. पहिल्या पाळीला पहाटे पाच वाजता डबा तयार हवा. दुसऱ्या पाळीला रात्री बारानंतर गरम भाकरी हवी. रात्रपाळीच्या आठवड्यात तो दिवसा झोपणार, म्हणजे मुलांनी आवाज करायचा नाही, मिक्सर लावायचा नाही, टीव्हीचा आवाज बारीक. सासूबाईंचं जेवण ठरल्या वेळी, मुलाची शाळा ठरल्या वेळी, पाणी येणार त्याच्या वेळी. "ताई, या घरात चार घड्याळं आहेत. त्यातलं एकसुद्धा माझं नाही. मला तर हे चित्र बघितल्या दिवशीच कळलं होतं. माझा दिवस असाच पसरलेला असतो. कुठून सुरू झाला, कुठं संपला, पत्ता नाही."

खोलीत सगळ्या बायका शांत झाल्या. त्यांच्यातल्या निम्म्यांच्या घरात कुणी ना कुणी पाळीत आहे. दोघी-तिघी स्वतः युनिटमध्ये कामाला जातात. सकाळी गाडी पकडायची, संध्याकाळी परत येऊन चूल. कारखान्याला भोंगा असतो, तो वाजला की कामगार सुटतो. बाईच्या कामाला भोंगा नाही. पॅरिस आणि न्यूयॉर्कच्या मोठ्या समीक्षकांनी त्या चित्राचे काय अर्थ काढायचे ते काढोत. आमच्या पंचतारांकित वसाहतीत त्याचा अर्थ त्या दिवशी एका सुनेने सांगितला आणि तो मला तरी पुरे वाटला.

नंतर तिने आणखी एक सांगितलं. शाळेत असताना ती एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन्ही रेखाकला परीक्षा पास झालेली. सर्टिफिकेट अजून ट्रंकेत आहे. लग्नानंतर ब्रश हातात धरला तो फक्त दिवाळीत पणत्या रंगवायला. घर बांधताना स्वयंपाकघराच्या ओट्याचा रंग तिला विचारला होता. हॉलच्या भिंतीवर काय लावायचं, हे मात्र नवऱ्याच्या मित्रांनी, फर्निचरवाल्याने आणि सासूबाईंनी ठरवलं. चित्रकला शिकलेली एकच व्यक्ती घरात होती, आणि चित्राबद्दल तिलाच कुणी विचारलं नव्हतं!

म्हणून मला या लेखात जे म्हणायचं आहे ते एवढंच. भिंतीवर काय लावायचं हा किरकोळ प्रश्न नाही. ज्या भिंतीसमोर बाईचा दिवसातला सगळ्यात जास्त वेळ जातो, त्या भिंतीवर तिचं मत असलं पाहिजे. चित्र देवाचं असो, डोंगराचं असो की वितळलेल्या घड्याळाचं. सोफ्याला जुळतं म्हणून नको, शेजारणीकडे आहे म्हणून नको आणि कुणीतरी भेट दिलं म्हणूनही नको. आपल्या मनाला काही म्हणत असेल तरच ते भिंतीवर राहावं.

काही मैत्रिणी म्हणतील, छापील चित्रच ना ते, खरं थोडंच आहे, एवढं काय मनावर घ्यायचं? तर छापील चित्रांचाही आपल्याकडे मोठा आणि मानाचा इतिहास आहे. राजा रविवर्म्यांची मूळ चित्रं राजवाड्यांत लागायची. 1894 साली त्यांनी मुंबईत छापखाना काढला, जर्मनीहून यंत्रं आणि जाणकार माणसं आणवली. पुढे तो छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करायचा, कागद एकेका दगडावरून काढायचा, तेव्हा कुठे एक लक्ष्मी, एक सरस्वती पूर्ण व्हायची. ही चित्रं बाजारात आली आणि साध्या माणसाच्या घरात काचेची तसबीर लागली. ज्यांना देवळाच्या पायरीशीही उभं राहू दिलं जात नव्हतं, त्यांच्या भिंतीवर देव आला. शाहू महाराजांच्या मुलुखात याचं मोल वेगळं सांगायला नको.

आणि बायकांनी त्या छापील चित्रांचं काय केलं ठाऊक आहे? लक्ष्मीच्या साडीवर खरं रेशीम आणि जर चिकटवली, दागिन्यांच्या जागी टिकल्या आणि मणी लावले. अशी सजवलेली जुनी चित्रं आज संग्रहालयांत आणि संग्राहकांकडे जपून ठेवलेली असतात. म्हणजे हजारो घरांत एकच चित्र असलं तरी प्रत्येकीने आपल्या हाताने ते आपलं करून घेतलं. पुढच्या काळात दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची दिवाळी अंकांवरची, कॅलेंडरवरची चित्रं आपल्या आयांनी जपून कापली, फ्रेम करून लावली. माझ्या आईच्या माजघरात अशी दोन होती. ती छापील होती म्हणून आमचं प्रेम कमी झालं नाही.

या दालीचं आणि आपल्या देशाचंही एक नातं आहे बरं का. 1967 साली एअर इंडियाने त्याच्याकडून प्रवाशांना भेट द्यायला चिनी मातीची रक्षापात्रं करून घेतली. त्यावरचा हंस उलटा धरला की हत्ती दिसायचा. आणि मोबदला म्हणून या गृहस्थाने काय मागावं? हत्तीचं पिल्लू! एअर इंडियाने खरोखरच इथून पिल्लू विमानाने पाठवलं. अशा माणसाचं चित्र कागलच्या हॉलमध्ये आलं तर बिचकायचं काय कारण?

मात्र एक खंत वाटते. बाजारात या प्रकारातली जी चित्रं मिळतात ती बहुतेक दाली किंवा माग्रित यांचीच. या वाटेने गेलेल्या बायका कुणी दाखवतच नाही. मेक्सिकोची फ्रिडा काहलो घ्या. 1925 साली, ऐन अठराव्या वर्षी बसच्या अपघातात तिच्या हाडांचा चक्काचूर झाला. महिनोन् महिने अंथरुणाला खिळून असताना पलंगाच्या वर आरसा लावून घेतला आणि त्यात बघून ती स्वतःचंच चित्र काढायला लागली. 1939 सालच्या तिच्या चित्रात दोन फ्रिडा शेजारी शेजारी बसल्या आहेत, हातात हात धरून, दोघींची काळजं उघडी आणि एकाच रक्तवाहिनीने जोडलेली. ब्रेताँने तिला अतिवास्तववादी ठरवलं, तर तिने ते नाकारलं. आपण स्वप्नं नाही, आपलं खरं आयुष्य रंगवतो, असं तिचं म्हणणं होतं. माहेरची मी आणि सासरची मी असं दोन जागी राहिलेल्या कुठल्या बाईला हे चित्र समजावून सांगावं लागेल?

दुसरी रेमेदिओस व्हारो. जन्माने स्पॅनिश, युद्धाच्या धामधुमीत देश सुटला तो कायमचा, आणि मेक्सिकोत स्थिरावली. तिचं 1961 सालचं एक चित्र आहे. उंच मनोऱ्यात एकसारख्या दिसणाऱ्या मुली बसून कापडावर भरतकाम करताहेत. मधोमध तोंड झाकलेली एक व्यक्ती त्यांच्यावर देखरेख ठेवून आहे. मुलींच्या हातातलं कापड मनोऱ्याच्या खिडक्यांतून खाली ओघळतं आणि त्याचंच जग होतं. घरं, झाडं, पाणी, सगळं. मुलींनी अख्खं जग विणलं, पण त्या स्वतः मनोऱ्यात! त्यातल्या एकीने मात्र कापडाच्या घडीत गुपचूप आपल्या सुटकेचं चित्र भरून ठेवलंय. पुढच्या चित्रात ती मुलगी खरंच निसटून आपल्या सख्याबरोबर निघालेली दिसते. आमच्या वसाहतीत शिवलेल्या चादरी समुद्रापार जातात. त्यांच्या घड्या घालणाऱ्या मुलींनी हे चित्र एकदा बघावं असं मला फार वाटतं. खरं सांगू, सोफ्यामागे लावायचंच असेल तर मी हे लावीन.

आणि परदेशाचं कौतुक करताना आपलं अंगण विसरू नये. कोल्हापूरला कलापूर म्हणतात ते उगीच नाही. आबालाल रहिमान इथले. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून आले आणि शाहू महाराजांच्या पदरी राहिले. 1922 साली महाराज गेले, त्या दुःखात त्यांनी आपली असंख्य चित्रं कोटितीर्थ तलावात सोडून दिली असं सांगतात. वाचलेली काही टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहेत. राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय आहे. पडद्यावरचे चंद्रकांत आपल्याला ठाऊक, पण त्यांनी नुसत्या पावडरच्या रंगांनी काढलेली निसर्गचित्रं कितीजणींनी पाहिली आहेत? कागलहून कोल्हापूर असं कितीसं लांब! महालक्ष्मीच्या दर्शनाला जातो, रंकाळ्यावर भेळ खातो, त्यात एक तास संग्रहालयासाठी काढायला काय हरकत आहे? स्वप्नातल्यासारखी चित्रं मराठी माणसानेही काढली आहेत. अलिबागजवळच्या नागावात जन्मलेले प्रभाकर बरवे रोजच्या साध्या वस्तूच अशा काही मोकळ्या अवकाशात मांडत, की त्या नव्याने पाहाव्या लागत. त्यांची नोकरी होती विणकर सेवा केंद्रात, कापडाच्या डिझाइनची. 'कोरा कॅनव्हास' हे त्यांचं मराठी पुस्तक वाचनालयात मिळालं तर जरूर चाळा.

आता थोडं व्यवहाराचं, कारण आपण गृहिणी आहोत.

छापील चित्र घेताना आधी ते कुणाचं आहे ते विचारा. दुकानदाराला सांगता आलं नाही तर निदान मागे नाव लिहिलंय का बघा. आपल्या कायद्यानुसार चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्याच्या चित्रावर त्याच्या वारसांचा हक्क असतो. रविवर्मा 1906 साली गेले, तेव्हा त्यांची चित्रं कुणीही छापू शकतो. दाली गेला 1989 साली, म्हणजे त्याच्या चित्रांचा हक्क अजून संपलेला नाही. स्वस्तात मिळणारं प्रत्येक चित्र रीतसर परवानगीने छापलेलं असतंच असं नाही. उलट आपल्याकडच्या एखाद्या होतकरू चित्रकाराकडून छोटंसं मूळ चित्र किंवा त्याने स्वतः काढलेली छापील प्रत घेतली, तर पैसे थेट त्याच्या हातात पडतात. कलामहाविद्यालयांची प्रदर्शनं भरतात तेव्हा चौकशी करून बघा.

आपल्याकडचा पाऊस विसरू नका. ओल येणाऱ्या भिंतीवर चित्र लावू नये. लावायचंच असेल तर फ्रेमच्या मागच्या चारी कोपऱ्यांना लाकडाचे किंवा रबराचे छोटे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळेल. कागदी चित्र काचेला थेट टेकू देऊ नका, मध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट घालून घ्या, नाहीतर बुरशी धरते आणि कागद काचेलाच चिकटतो. पाठ नीट बंद नसेल तर कसर लागते. थेट ऊन पडत असेल तर रंग उडतात. जड फ्रेम एका खिळ्यावर टांगू नका. आणि उंची आपल्या डोळ्यांच्या रेषेत ठेवा. छताजवळ टांगलेलं चित्र फक्त पालीला दिसतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घाई करू नका. रिकामी भिंत म्हणजे काही पाप नाही. वर्षभर रिकामी राहिली तरी चालेल, पण लागेल ते मनापासूनचं लागावं.

त्या घरातल्या चित्राचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलंच. गेल्या महिन्यात पुन्हा बैठकीला गेले होते. हॉलमधल्या तीनपैकी दोन फ्रेमा आता नाहीत. त्या मुलाच्या मित्राच्या घरी गेल्या. त्याला आवडल्या होत्या म्हणे. घड्याळांचं चित्र मात्र आहे. ते स्वयंपाकघरात आलंय, जिथे डबे भरले जातात त्या ओट्यासमोर. सासूबाईंनी एकच अट घातली, की शेजारी एक चालू घड्याळ लावायचं. सुनेने ती आनंदाने मान्य केली. तसंही डब्यासाठी ते लागतंच.

मुलानेही एक गोष्ट केली, तीही सांगायला हवी. चित्राचा अर्थ बायकोच्या तोंडून ऐकल्यावर तो दोन दिवस काही बोलला नाही. मग दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात त्याने स्वतःच सांगितलं, की रात्री माझं जेवण झाकून ठेव, मी गरम करून घेईन, तू झोप. गोष्ट छोटी आहे. पण तिच्या म्हणण्याप्रमाणे तिच्या वाट्याला रात्रीचे दोन तास आले.

हॉलची भिंत अजून मोकळी आहे. मी विचारलं, "इथे काय लावणार?" सासूबाईच म्हणाल्या, "थांबा की जरा. ती काढायला लागलीया. मी रोज दुपारी नातवाला घेऊन बाहेर बसतो, म्हणजे हिला तासभर मिळतोय."

काय काढते आहे, ते दोघींनीही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.